पहिली पेंढी घरी आली आहे: मुलांना पुनरुत्थान कोणत्या दाखल्याने सांगावे?

एका गावच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारची शाळा घेणाऱ्या तरुण शिक्षिकेने विचारले आहे: "दर ईस्टरला मी मुलांना रोजच्या जीवनातली उदाहरणे देऊन पुनरुत्थान, म्हणजे प्रभू येशूचे मेलेल्यांतून उठणे, समजावते. या वर्षी सुरवंटाचे फुलपाखरू आणि मातीत पेरलेले बी, ही दोन उदाहरणे दिली. वर्ग सुटल्यावर सात वर्षांचा एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, 'बी उगवते, मग आजी का उगवत नाही?' त्याची आजी जानेवारीत वारली. मला उत्तर देता आले नाही. त्याला काय सांगू? आणि पुढच्या वर्षी कोणती उदाहरणे घेऊ?"

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार. उत्तर देता आले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. त्या मुलाने तुमचा धडा मनापासून ऐकला, बी आणि आजी यांना शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि दाखला कुठे तोकडा पडतो ते त्याला दिसले. मी नगर जिल्ह्यातल्या निरनिराळ्या मंडळ्यांत बत्तीस वर्षे रविवारची शाळा घेतली, त्यांतली शेवटची काही वर्षे शिक्षकांच्या शिबिरांतही शिकवले. ईस्टरविषयी मला जे काही उमगले त्यातला मोठा भाग अशाच प्रश्नांनी शिकवला आहे. म्हणून उत्तर आधी सांगते आणि कारणे मागून देते. त्या मुलाला सांगा की तुझे म्हणणे खरे आहे, आजी अजून उठलेली नाही. देवाच्या शेतातली फक्त पहिली पेंढी घरी आली आहे, ती पेंढी म्हणजे प्रभू येशू, आणि बाकीचे सगळे पीक अजून शेतात आहे. आजी त्या पिकात आहे. हा दाखला माझा नाही, ज्याची पत्रे नव्या करारात आहेत त्या प्रेषित पौलाचा आहे, आणि तुमच्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नासाठीच तो दिलेला आहे.

आधी फुलपाखराविषयी लिहिते, कारण ते उदाहरण मीही पुष्कळ वर्षे दिले. कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर हिरवे सुरवंट सहज सापडतात. एका वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत आम्ही असा एक सुरवंट काचेच्या बरणीत ठेवला, तोंडाला जाळीचे कापड बांधले, मुले आळीपाळीने ताजी पाने आणून घालत. त्याने कोश केला तेव्हा वर्गात केवढा आनंद झाला होता. मग ईस्टरच्या आठवड्यात कोशाला बारीक भोक पडले आणि आतून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीचा एक लहानसा किडा बाहेर आला. निसर्गात हे वारंवार घडते. हे किडे सुरवंटाच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या त्याला आतून खाऊन टाकतात. त्याच वर्षी वडील गेलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. ती काहीच बोलली नाही, नुसती बरणीकडे पाहत राहिली. तिचे ते पाहणे मला आजही आठवते, आणि त्या ईस्टरनंतर मी फुलपाखराचा दाखला कधीही दिला नाही.

पण तो प्रसंग घडला नसता तरी मी तो दाखला आज दिला नसता. कोशातला सुरवंट मेलेला नसतो. त्याचे रूप बदलत असते, तेही त्याच्याच अंगच्या गुणाने. खरोखर मेलेल्या सुरवंटाचे फुलपाखरू आजवर कोणी पाहिलेले नाही. म्हणजे हा दाखला मुलांच्या मनात नकळत असे रुजवतो की मरण हे वरवरचे आहे आणि त्यातून जीव आपोआप बाहेर पडतो. शुभवर्तमान असे काही सांगत नाही. शुभवर्तमान लिहिणारा मार्क तर आवर्जून सांगतो की अरिमथाईच्या योसेफाने येशूचे शरीर मागितले तेव्हा रोमी सुभेदार पिलाताला आश्चर्य वाटले, त्याने शताधिपतीला बोलावून तो खरेच मेला का याची खात्री करून घेतली आणि मगच शरीर दिले. आणि प्रेषितांच्या कृत्यांमध्ये येशूचा शिष्य पेत्र याची भाषणे वाचून पाहा. यहुदी जमावासमोर असो की रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी असो, तो पुन्हा पुन्हा सांगतो की देवाने येशूला उठवले. मराठीत उठणे आणि उठवणे यांतला फरक लहान मुलालाही कळतो. निजलेले लेकरू स्वतः उठणे निराळे आणि आईने त्याला हाताला धरून उठवणे निराळे. ईस्टरच्या धड्यात तो उठवणारा हात दिसला नाही, तर मुलांच्या पदरी निसर्गाचा एक चमत्कार पडतो आणि देव बाजूलाच राहतो.

अंड्याविषयी फार लिहीत नाही. मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती लोकांना लेंटमध्ये अंडी वर्ज्य असत, ती ईस्टरला पुन्हा पानात येत, आणि त्या आनंदाशी ही प्रथा जोडलेली आहे. मुंबई, वसई, गोवा इकडे बेकऱ्यांत मिळणारी चॉकलेटची किंवा मार्झिपानची अंडी मुलांना खुशाल वाटा. त्यांवर धडा उभारण्याचे कारण नाही.

एका गोष्टीबाबत मात्र मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण अलीकडे ती फार बोकाळली आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टी उचलून त्यांचे दाखले केले जातात. गरुड चाळिशीत डोंगरावर जाऊन आपली चोच खडकावर आपटून तोडतो, नखे उपटतो आणि मग नवा होऊन तीस वर्षे जगतो, ही गोष्ट मी व्यासपीठावरून अनेकदा ऐकली आहे. ती खोटी आहे. चोच तुटलेला गरुड काही खाऊ शकणार नाही आणि उपाशी मरेल. यशयाच्या ४० व्या अध्यायात गरुडाच्या पंखांनी वर उडण्याचे जे सुंदर वचन आहे, त्याला या गोष्टीची मुळीच गरज नाही. दुसरी गोष्ट कबरेतल्या रुमालाची. योहानाच्या २० व्या अध्यायात, येशूच्या डोक्याला असलेला रुमाल तागाच्या वस्त्रांबरोबर न पडता वेगळा गुंडाळून ठेवलेला होता, असे आहे. त्यावरून सांगतात की जेवताना उठलेला धनी रुमाल घडी घालून ठेवत असे, म्हणजे 'मी परत येणार आहे' अशी ती नोकराला खूण असे. परंतु तो रुमाल जेवणाचा नव्हताच. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर कबरेतून बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाला जो रुमाल गुंडाळलेला होता, त्याला योहानाने हाच शब्द वापरला आहे. तो प्रेताच्या तोंडाला बांधण्याचा रुमाल होता. लाजराचा रुमाल दुसऱ्यांना सोडावा लागला आणि येशूचा कोणाला सोडावा लागला नाही, एवढे जरी मुलांना दाखवले तरी मजकुरात असलेली गोष्ट दाखवल्यासारखे होईल. सत्य सांगायला खोटा दाखला घेतला, आणि तो खोटा असल्याचे मुलाला पुढे शाळेत कळले, तर ते मूल दाखल्याबरोबर सत्यही टाकून देते. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र असाही अर्थ आहे, आणि शिक्षकाने तो अर्थ कधी विसरू नये.

आता बियाविषयी. ते टाकू नका, कारण ते प्रभूने स्वतः वापरले आहे. मात्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरले ते पाहा. योहानाच्या १२ व्या अध्यायात काही हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, लोक येशूला भेटायला आले आहेत, तेव्हा तो म्हणतो की गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, आणि मेला तर पुष्कळ पीक देतो. त्याच्या मरणातून किती लोकांना जीवन मिळणार, हा तिथला विषय आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल पुन्हा दाण्याकडे वळतो, पण तिथे प्रश्न निराळा आहे: मेलेले कोणत्या प्रकारच्या शरीराने येतात? त्यावर तो म्हणतो की पेरताना तू पुढे होणारे अंग पेरत नाहीस, नुसता दाणा पेरतोस, आणि देव त्याला अंग देतो. ज्वारीचा मोत्यासारखा दाणा आणि डोक्याएवढे वाढलेले ताट यांत दिसायला काही साम्य नाही, तरी ज्वारीतून ज्वारीच येते. म्हणजे दाणा 'कसे' या प्रश्नाला उत्तर देतो. तुमच्या विद्यार्थ्याने 'कसे' विचारलेच नव्हते. त्याचा प्रश्न 'केव्हा' असा होता, आणि त्याचे उत्तर बियापाशी नाही. उलट, बी चार-पाच दिवसांत कोंब दाखवते म्हणून मुलाची अपेक्षा विनाकारण वाढते. जानेवारीपासून ईस्टरपर्यंत आठवडेच्या आठवडे गेले, मग आजीला एवढा वेळ का लागावा, असे त्याला वाटणे अगदी साहजिक आहे.

'केव्हा' या प्रश्नाला उत्तर त्याच अध्यायात, दाण्याच्या आधी, २० व्या वचनात आहे. पौल म्हणतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला आहे आणि तो महानिद्रा घेणाऱ्यांतले प्रथमफळ आहे. हे पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे, म्हणजे पहिल्या ईस्टरला जेमतेम पंचवीस वर्षे झालेली. उठलेल्या प्रभूला एकाच वेळी पाचशेंहून अधिक बंधूंनी पाहिले, असे त्याच अध्यायात सांगताना पौल लगेच जोडतो की त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत आणि काही महानिद्रा घेत आहेत. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले तेही मरू लागले होते. मंडळीतल्या लोकांना आपापल्या माणसांना माती द्यावी लागत होती. थेस्सलनीकाकरांना पौलाने त्याच्याही आधी, सुमारे इ. स. ५० मध्ये, पहिले पत्र लिहिले तेव्हा तिथल्या विश्वासणाऱ्यांचे दुःख हेच होते: येशू उठला, मग आमची माणसे का गेली? तुमच्या वर्गातल्या मुलाने विचारलेला प्रश्न मंडळीच्या अगदी पहिल्या प्रश्नांपैकी एक आहे. त्याला तसे सांगायलाही हरकत नाही. आपला प्रश्न पौलाच्या वेळच्या लोकांनाही पडला होता, हे ऐकून मुलांना फार बरे वाटते, असा माझा अनुभव आहे.

प्रथमफळ हा शब्द आपण इतका ऐकतो की त्यातले शेत दिसेनासे झाले आहे. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात त्याची रीत दिली आहे. कापणी सुरू झाली की पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणायची, आणि शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी याजकाने ती परमेश्वरासमोर ओवाळायची. ती पेंढी अर्पण होईपर्यंत घरात नव्या धान्याची भाकर खायची नाही, भाजलेले दाणेही खायचे नाहीत, हिरवी कणसेही नाहीत. आपल्याकडच्या भाषेत, पहिली पेंढी देवाला दिल्याशिवाय हुरड्यालाही हात लावायचा नाही. वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, इस्राएल देशात सर्वांत आधी सातू पिकतो. जुन्या करारातल्या नामी आणि रूथ बेथलेहेमात पोहोचल्या त्या सातूच्या हंगामाच्या आरंभीच. तिथून पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या कापणीचा सण, जो आपण पेन्टेकॉस्ट म्हणून ओळखतो. आता शुभवर्तमानातले दिवस मोजा. शुक्रवारी क्रूस, शनिवारी शब्बाथ, आणि शब्बाथ सरल्यावर आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे रिकामी कबर. वल्हांडणाच्या त्याच हंगामात, देशात पहिल्या पेंढीचे दिवस असताना, देवाने आपली पहिली पेंढी मातीतून वर घेतली. पौलाच्या मनात हे सगळे शेत उभे असले पाहिजे, असे मला हा अध्याय वाचताना दर वेळी वाटते.

आणि हे शेत आपल्या मुलांच्या ओळखीचे आहे. परदेशी चित्रांतला ईस्टर वसंतातला असतो. हिरवळ, पिवळी फुले, नवी कोकरे. आमच्या नगरकडे, आणि सोलापूर-बीडकडेही, ईस्टर येतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर. ईस्टरचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता आणि २०२५ मध्ये २० एप्रिलला. तेव्हा आमच्या रानात हिरवे काही नसते. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेली असते, कणसे खुडून मळणी झालेली असते, कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचलेल्या असतात, आणि उघड्या रानात ढेकळे तापत असतात. पूर्वी मला वाटे की आपला ईस्टर चुकीच्या ऋतूत येतो. पुढे लेवीय आणि करिंथ शेजारी ठेवून वाचले तेव्हा लक्षात आले की आपलाच ऋतू बरोबर आहे. पुनरुत्थानाच्या दिवसांत त्या देशातही कापणीच चालू होती. पालवी आणि कळ्या उसन्या आणण्याची आपल्याला गरज नाही. पेंढी म्हणजे काय ते खेड्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, आणि ज्या मंडळ्यांत कापणीची उपकारस्तुती होते तिथे त्याने लोकांना धान्याची पाटी, कोंबडी, अंडी घेऊन देवळात येताना पाहिलेलेही असते.

या दाखल्यातून वर्गात काय काढायचे, ते मी मुलांनाच बोलायला लावून काढते. पहिली पेंढी कोणत्या शेतातली असते? ज्या शेतातले बाकीचे पीक आहे त्याच शेतातली. म्हणून येशू उठला तो आपल्यासारख्याच हाडामांसाच्या शरीराने मेलेला आणि उठलेला. तो निराळ्या जातीचे पीक नाही. पहिली पेंढी घरी आली म्हणजे काय झाले? कापणी सुरू झाली. अजून सगळे रान उभे असले तरी मालक विळा घेऊन शेतात उतरला आहे, हे गावाला कळते. आणि बाकीचे पीक त्याच दिवशी का येत नाही? येथे शेतकऱ्यांची मुले लगेच उत्तर देतात की एकेक सरी घ्यावी लागते, क्रमाने घ्यावी लागते. पौल २३ व्या वचनात अगदी हेच म्हणतो: प्रत्येक जण आपापल्या क्रमाने, ख्रिस्त प्रथमफळ, मग त्याच्या आगमनाच्या वेळी जे त्याचे आहेत ते.

एका शिबिरात एका वयस्कर शेतकरी बांधवाने मला अडवले होते. ते म्हणाले, "बाई, पहिली पेंढी घरी आली आणि मागून गारपीट झाली तर? आम्ही पाहिले आहे, उभी ज्वारी काळी पडलेली." मराठवाड्यात आणि आमच्या भागात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट तेव्हा सगळ्यांच्या आठवणीत होती. त्यांचा आक्षेप योग्य होता, आणि मी तो टाळला नाही. प्रत्येक दाखला कुठेतरी थांबतो आणि तिथे तो थांबला असे सांगणे शिक्षकाचे काम आहे. माणसाच्या शेतात पहिली पेंढी बाकीच्या पिकाची हमी देऊ शकत नाही, कारण मेघ शेतकऱ्याच्या हातात नसतात. देवाच्या शेतात गारपीट आधीच होऊन गेली आहे, आणि ती त्या पहिल्या पेंढीवरच झाली. भर दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला, तो शुक्रवार तिच्यावरून गेला. जिच्यावर ते सगळे पडले ती पेंढी मालकाने घरी आणली आहे. यापुढे पिकाची नासाडी करील असे काही उरलेले नाही, म्हणूनच पौल त्या अध्यायाच्या शेवटी मरणालाच विचारतो: तुझा विजय कोठे, तुझी नांगी कोठे? शेतकरी बांधवांना हे पटले की नाही ते मी सांगू शकत नाही. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ ते तसेच बसून राहिले.

आता त्या मुलाशी बोलण्याविषयी, कारण दाखला बरोबर असूनही बोलताना चूक होते. 'आजी झोपली आहे' असे त्याला सांगू नका. मोठ्यांसाठी 'महानिद्रा' हा शब्द सुंदर आहे आणि आपल्या कबरांच्या दगडांवर तो शोभतो, पण लहान मूल तो शब्दशः घेते आणि रात्री झोपायला घाबरते. असे झालेली दोन-तीन मुले मी पाहिली आहेत. योहानाच्या ११ व्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणाला की लाजर झोपला आहे, तेव्हा त्या प्रौढ माणसांनाही वाटले की झोप लागली तर बरे, तो बरा होईल. मग येशूने त्यांना उघड सांगितले: लाजर मेला आहे. प्रभूने जे उघड सांगितले ते आपणही उघड सांगावे. आजी वारली. तिचे शरीर मातीत आहे. ती प्रभूची आहे, आणि तो तिला विसरलेला नाही.

'रडू नकोस, आजी प्रभूजवळ आनंदात आहे' असेही लगेच म्हणू नका. लाजराच्या कबरेजवळ येशू रडला. पुढच्या काही क्षणांत आपण त्याला हाक मारून बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. थेस्सलनीकाकरांनाही पौल खेद करू नका असे सांगत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असे सांगतो. आशा असलेल्या माणसाचाही खेद असतो. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले तर ते येऊ द्या आणि जवळ बसा. आणि त्याने 'मग केव्हा?' असे पुन्हा विचारले, तर तारीख देवाला ठाऊक आहे, मला नाही, असे सरळ सांगा. शिक्षकाला एखादी गोष्ट ठाऊक नसते, हे मूल सहज सोसते. शिक्षकाने मनचे काही सांगितले तर मात्र ते त्याला कळते.

पुढच्या वर्षीच्या उदाहरणांसाठी मी एवढेच सुचवीन की रोजच्या जीवनातून पुनरुत्थानाकडे जाण्यापेक्षा पुनरुत्थानाच्या कथेत रोजचे जीवन किती आहे ते आधी मुलांना शोधू द्या. ते इतके आहे की आपल्याला बाहेरून काही आणावेच लागत नाही. शब्बाथ सरताच तीन स्त्रिया बाजारातून सुगंधद्रव्ये विकत आणतात. पहाटे जाताना त्यांचे बोलणे अगदी घरगुती काळजीचे आहे: कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील? त्यांच्याजवळ याचे उत्तर नव्हते, तरी त्या घराबाहेर पडल्या. धोंड त्यांच्याने हलणार नव्हती, हातात होती ती पुडी मात्र त्यांना नेता येत होती, आणि तेवढी घेऊन त्या निघाल्या. मंडळीतल्या विधवा बहिणींना मी हा भाग जितक्या वेळा वाचून दाखवला तितक्या वेळा त्यांनीच मला तो समजावला, कारण हातात पुडी आणि पुढे धोंड अशा अवस्थेत त्या कित्येक वर्षे चाललेल्या असतात.

त्याच दिवशी संध्याकाळी अम्माऊसच्या सुमारे अकरा किलोमीटरच्या वाटेवर सोबत चालूनही दोघा शिष्यांना प्रभू ओळखू आला नाही. घरात बसून त्याने भाकर मोडली तेव्हा ओळखू आला. आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. भाकरी मोडण्याची प्रत्येक हाताची ढब वेगळी असते, आणि घरातले माणूस गेल्यावर कित्येक दिवस पंगतीत तीच ढब आठवते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्यालाही प्रभू ओळखू आला तो हातांवरून, त्या हातांवरच्या खुणांवरून. उठवलेल्या शरीरावरून देवाने त्या खुणा पुसल्या नाहीत. माझ्या आईच्या मनगटाजवळ तव्याचा जुना चटका होता. मी लहान असताना शंभर हातांतून तिचा हात त्यावरून ओळखला असता. पुनरुत्थानात आजी मला ओळखेल का, आणि मी तिला ओळखेन का, असे एखाद्या मुलाने विचारले तर मी थोमाची गोष्ट सांगते आणि मुलांना घरी जाऊन आपापल्या आई-आजीचे हात नीट पाहून यायला सांगते. हा गृहपाठ सगळी मुले करून येतात.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे बारा वर्षांपुढच्यांसाठी, तिबिर्या समुद्राच्या काठची न्याहारी घ्या. योहानाच्या २१ व्या अध्यायात शिष्यांना रात्रभर एकही मासा मिळत नाही, पहाटे प्रभूच्या सांगण्यावरून टाकलेले जाळे भरते, आणि किनाऱ्यावर प्रभूने कोळशाचा विस्तव केलेला असतो, त्यावर मासळी आणि शेजारी भाकर. कोळशाच्या विस्तवासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे तो सबंध नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरे ठिकाण १८ व्या अध्यायात आहे: मुख्य याजकाच्या अंगणात थंडीत शेकत उभा असलेला पेत्र तशाच विस्तवाजवळ म्हणतो की मी त्याचा शिष्य नव्हे. आपल्याला तीनदा नाकारणाऱ्या माणसाला प्रभू पुन्हा तसल्याच धुरात, तसल्याच उबेत बसवतो, आधी जेवू घालतो आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? चूल पेटवणाऱ्या घरातली मुले धुराच्या वासाने काय काय आठवते ते आपण होऊन सांगू लागतात. त्या वयाच्या मुलांच्या मनात लपवलेली एखादी चूक असतेच, आणि ती ज्या जागी झाली तिथेच प्रभू न्याहारी घेऊन येऊ शकतो, हे त्यांना या कथेतून जितके सहज कळते तितके उपदेशाने कळत नाही. येथे घाई करू नका. एक रविवार पुरत नाही, दोन लागतात.

शेवटी त्या मुलासाठी एक काम. तुमच्या मंडळीतल्या एखाद्या घरातून या हंगामातल्या ज्वारीचे एक भरलेले कणीस मागून आणा. सगळी मळून झाली असली तरी बियाण्यासाठी चार कणसे राखून ठेवणारे घर सापडतेच. त्याला घेऊन, त्याच्या घरच्यांना विचारून, एका सकाळी कबरस्थानात जा. आजीच्या कबरेवरची वाळलेली पाने आणि गवत दोघांनी मिळून काढा, आणि पेंढीचा दाखला वर्गात नव्हे, तिथे सांगा. कणीस कबरेवर ठेवू नका, पाखरे ते संपवतील आणि मुलाला वाईट वाटेल. ते त्याच्या हाती द्या आणि वर्गाच्या खिडकीत सुतळीने बांधू द्या. ही ज्वारी आता पेरायची नसते; तिची पेरणी सप्टेंबरअखेर, हस्ताच्या पावसाच्या सुमारास होते. तोवर प्रत्येक रविवारी ते कणीस त्याला दिसेल. मध्येच कधीतरी तो विचारील की अजून किती दिवस, तेव्हा त्याच्याबरोबर खिडकीशी उभ्या राहा आणि आकाशाकडे पाहा.